खटला जालन्याचा, धडे देशभर, अंबड-भोकरदनचे काय?

प्रतिनिधी, जालना

इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या कायद्यावरील वकिलांचे चर्चासत्र मुंबईत असो, दिल्लीत असो की संगणकाच्या पडद्यावर, त्यात जालन्याचा उल्लेख सहसा टळत नाही. हा उल्लेख येथील पोलाद कारखान्यांमुळे होत नाही की बियाणे उद्योगामुळेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिलेला 'अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल' हा निकाल त्याला कारण आहे. मोबाइलवरील चित्रीकरण, सीसीटीव्हीचे फुटेज, संभाषणाची ध्वनिफीत किंवा व्हॉट्सअॅपवरील संदेश यांपैकी काहीही न्यायालयात पुरावा म्हणून मांडायचे असेल, तर या निकालाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. जालना विधानसभा मतदारसंघातील एका निवडणूक वादातून देशभरातील वकिलांसाठी एक पाठ तयार झाला आणि तो परिषदांच्या व्यासपीठांवरून, वेबिनारमधून सातत्याने शिकविला जात आहे.

प्रश्न आहे तो हा पाठ परत येण्याचा. ज्या जिल्ह्यातून तो निघाला, त्याच जिल्ह्यातील अंबड, भोकरदन किंवा परतूरच्या न्यायालयात उभ्या राहणाऱ्या वकिलापर्यंत तो पोहोचेल, याची हमी आजच्या व्यवस्थेत कोण देतो? याचे प्रामाणिक उत्तर 'कोणीही नाही' असे आहे. वकिलांमधील ज्ञानाची देवाणघेवाण गेल्या पाच-सहा वर्षांत कधी नव्हे इतकी वाढली. मात्र ती वक्त्याच्या सवडीने आणि आयोजकाच्या हौसेने होते. पक्षकाराच्या गरजेशी तिची सांगड अजून घातली गेलेली नाही.

२९६ मते आणि एक प्रमाणपत्र

२०१४ च्या विधानसभा निवडणुकीत शिवसेनेचे अर्जुन खोतकर यांनी काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांचा अवघ्या २९६ मतांनी पराभव केला. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीनपर्यंत होती. खोतकर यांचे अर्ज ही वेळ टळून गेल्यावर दाखल झाले, असा आक्षेप घेऊन निवडणुकीला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात आव्हान देण्यात आले. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील व्हिडिओ चित्रीकरण हा या आव्हानाचा मोठा आधार होता. तत्कालीन भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब नुसार अशा चित्रीकरणाच्या प्रतीसोबत विशिष्ट प्रमाणपत्र जोडणे आवश्यक होते. याचिकाकर्त्यांनी ते वारंवार मागितले, पण संबंधित यंत्रणेकडून ते मिळाले नाही. अखेर अधिकाऱ्यांची साक्ष आणि इतर पुरावा विचारात घेऊन उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

तेथे न्या. रोहिंटन नरिमन, न्या. एस. रवींद्र भट आणि न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांच्या पीठापुढे मूळ वादापेक्षा मोठा प्रश्न उभा होता. २०१४ च्या 'अन्वर' निकालाने हे प्रमाणपत्र अनिवार्य ठरविले होते, तर २०१८ च्या 'शफी मोहम्मद' निकालाने त्यात सूट दिली होती. खालच्या न्यायालयांनी कोणता निकाल मानावा, हा संभ्रम होता. जालन्याच्या प्रकरणाने तो मिटविला. इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुराव्यात द्यायची असेल तर प्रमाणपत्र हवेच. मूळ उपकरणाच्या मालकाने स्वतः साक्षीदाराच्या पिंजऱ्यात येऊन ते उपकरणच हजर केले, तर प्रमाणपत्राची गरज नाही. ज्याच्या ताब्यात यंत्रणा आहे तो प्रमाणपत्र देत नसेल, तर न्यायालयाकडे अर्ज करून ते मागविता येते. शक्य ते सर्व करूनही ते मिळाले नाही, तर कायदा अशक्य गोष्टीची सक्ती करीत नाही.

खोतकर यांचे अपील फेटाळले गेले. याचिकाकर्त्यांनी प्रमाणपत्रासाठी शक्य ते सारे केले होते आणि इतर पुरावाही होता, हे त्यांच्या पथ्यावर पडले. तोवर ती विधानसभा मुदत संपून विसर्जित झाली होती आणि २०१९ ची निवडणूकही पार पडली होती. राजकीयदृष्ट्या निकालाला उशीर झाला, पण कायद्याच्या दृष्टीने त्याचे आयुष्य तेथूनच सुरू झाले.

बांधावरचा व्हिडिओ

निवडणूक याचिकेत दोन्ही बाजूंना नामवंत वकील मिळतात. खरी कसोटी लागते ती साध्या दाव्यात. दोन भावांमध्ये बांधाचा वाद आहे, असे समजू. एकाने रात्रीतून बांध कोरला. दुसऱ्याच्या मुलाने मोबाइलवर त्याचे चित्रीकरण केले आणि ते घरच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकले. वर्षभरात तो मोबाइल बिघडला म्हणून विकून टाकला. दावा सुनावणीला येतो तेव्हा हातात उरते ती पुढे पाठविलेली, आकाराने कमी झालेली प्रत. मूळ उपकरण नाही, प्रमाणपत्र कोणी द्यायचे याचा विचार नाही आणि डोळ्यांनी दिसणारी गोष्ट न्यायालयाच्या कागदावर येऊ शकत नाही.

अशा वेळी पक्षकाराचे नुकसान दावा दाखल झाल्यावर होत नाही. वकिलाच्या घरी किंवा कार्यालयात पहिल्यांदा बसला असताना 'तो मोबाइल विकू नको, जसा आहे तसा ठेव' एवढे वाक्य त्याला कोणी सांगितले नाही, तेथेच ते झालेले असते. पेट्रोल पंपावरील किंवा दुकानातील सीसीटीव्हीचेही तसेच आहे. यंत्राची साठवण भरली की जुने चित्रण आपोआप पुसले जाते. ते जतन करण्याची नोटीस पहिल्या काही दिवसांत गेली नाही, तर पुढे कितीही विद्वत्तापूर्ण युक्तिवाद केला तरी उपयोग नसतो.

आता ही वाट आणखी अवघड झाली आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ नुसार प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत. 'अ' भाग नोंद सादर करणाऱ्याने आणि 'ब' भाग तज्ज्ञाने भरायचा आहे. दोन्हींत त्या फाइलचे 'हॅश' मूल्य नमूद करावे लागते. हॅश म्हणजे फाइलचा जणू अंगठ्याचा ठसा. फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी तो बदलतो. दिवाणी दाव्यातील सामान्य पक्षकाराने हा तज्ज्ञ कोठून आणायचा, कोणाला तज्ज्ञ मानायचे, त्याचे शुल्क कोणी द्यायचे, हे प्रश्न महानगरातील परिषदांमध्ये तात्त्विक असतील. घनसावंगी किंवा मंठ्याच्या शेतकऱ्यासाठी ते दावा जिंकण्या-हरण्याचे प्रश्न आहेत.

कायदा रातोरात बदलतो तेव्हा

कायद्याची पाटी एका दिवसात पुसली जाण्याचा अनुभव या भागाला नवा नाही. जालना निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते आणि संस्थानाचे स्वतःचे फौजदारी कायदे होते. भारतीय दंड संहिता १८६० ची असली, तरी ती व फौजदारी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्याला लागू झाली ती १ एप्रिल १९५१ पासून. उर्दूत चालणाऱ्या न्यायालयात घडलेल्या वकिलांच्या पिढीला तेव्हा कायदा आणि भाषा या दोन्ही गोष्टी नव्याने शिकाव्या लागल्या. दंड संहितेचे येथील आयुष्य त्यामुळे ७३ वर्षांचेच ठरले.

१ जुलै २०२४ रोजी तिची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. ५११ कलमांची ३५८ कलमे झाली. खुनाचे ३०२ हे कलम १०३ झाले, फसवणुकीचे ४२० हे ३१८ मध्ये गेले. कलमांचे आकडे पाठ करणे हे त्यातले सोपे काम. अवघड भाग असा की, त्या तारखेपूर्वीच्या गुन्ह्यांना जुनी संहिता आणि नंतरच्या गुन्ह्यांना नवी, असे दुहेरी राज्य पुढील अनेक वर्षे चालणार आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती व जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रीकरण बंधनकारक केले. म्हणजे आरोपीच्या वकिलाला पंचांची उलटतपासणी घेण्याबरोबरच चित्रीकरणातील तुटलेल्या मिनिटांचाही हिशेब मागता आला पाहिजे. हे कौशल्य महाविद्यालयात शिकविले गेले नव्हते, कारण तेव्हा हा कायदाच नव्हता.

पडदा आला, पण...

मार्च २०२० पर्यंत जालन्याच्या वकिलाला एखाद्या ज्येष्ठ विधिज्ञाचे व्याख्यान ऐकायचे असेल, तर किमान साठ किलोमीटरवरील औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, गाठावे लागे. बहुतेकदा पुणे किंवा मुंबईच. टाळेबंदीत न्यायालये थंडावली आणि वेबिनारचा पूर आला. निवृत्त न्यायमूर्ती, ज्येष्ठ वकील, प्राध्यापक मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागले. सप्टेंबर २०२२ पासून सर्वोच्च न्यायालयातील घटनापीठांच्या सुनावण्यांचे थेट प्रक्षेपणही सुरू झाले. देशातील उत्तम युक्तिवाद घरबसल्या ऐकण्याची ही सोय क्रांतिकारक आहे, हे मान्यच करायला हवे.

तथापि, पूर ओसरल्यावर काय शिल्लक राहिले याचा हिशेब मांडला, तर तीन उणिवा ठळकपणे दिसतात. पहिली भाषेची. २१ जुलै १९९८ च्या अधिसूचनेने राज्यातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी ठरली. साक्ष मराठीत, दावा मराठीत, उलटतपासणी मराठीत. व्याख्याने मात्र प्रामुख्याने इंग्रजीत. इंग्रजी समजत नाही असा प्रश्न नाही. 'हॅश मूल्य' किंवा 'दुय्यम पुरावा' या संकल्पना मराठीत साक्षीदाराकडून कशा वदवून घ्यायच्या, हे इंग्रजी व्याख्यानातून कळत नाही, हा प्रश्न आहे.

दुसरी उणीव पद्धतीची. व्याख्यानात निकालांची जंत्री येते. प्रमाणपत्राचा नमुना समोर ठेवून तो भरून घेणे, न्यायालयाकडे करायच्या अर्जाचा मसुदा तयार करणे, लुटुपुटीची उलटतपासणी घेणे हे क्वचितच होते. ऐकलेले ज्ञान दुसऱ्या दिवशीच्या तारखेला उपयोगी पडत नाही, ते त्यामुळेच.

तिसरी उणीव हेतूची. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ नुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही. २००८ च्या दुरुस्तीने संकेतस्थळावर मोजकी माहिती देण्याची मुभा मिळाली, एवढेच. अशा स्थितीत व्यासपीठ हे प्रतिष्ठा मिळविण्याचे सभ्य साधन ठरते. त्यात गैर काही नाही; ज्ञान देणाऱ्याला मान मिळालाच पाहिजे. पण समाजमाध्यमांवर ज्ञानदान आणि जाहिरात यांतील रेषा इतकी पुसट झाली की, मार्च २०२५ मध्ये बार कौन्सिलला त्याबाबत इशारा द्यावा लागला. प्रसिद्धीसाठी बोलणारा वक्ता गाजलेला विषय निवडतो. तालुका न्यायालयातील नित्याचा विषय कोणीच निवडत नाही.

डॉक्टरांना सक्ती, वकिलांना मुभा

महाराष्ट्रात डॉक्टरला नोंदणीचे नूतनीकरण करण्यासाठी पाच वर्षांत ३० श्रेयांक मिळवावे लागतात. न्यायाधीशांसाठी उत्तन येथे महाराष्ट्र न्यायिक अकादमी आणि भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी आहे. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात अनुभवी वकिलाला दर दोन वर्षांत २४ तासांचे शिक्षण बंधनकारक आहे. आपल्याकडे वकिलीची परीक्षा एकदाच द्यायची असते. अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण झाली की पुढची चाळीस वर्षे काही नवे शिकल्याचा पुरावा कोणी मागत नाही. न्यायासनावरील व्यक्तीला नवा कायदा शिकविण्याची व्यवस्था आहे. त्याच न्यायासनापुढे उभे राहणाऱ्यासाठी ती ऐच्छिक आहे.

कायद्यात आधारच नाही असेही नाही. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ६ मध्ये राज्य बार कौन्सिलच्या कर्तव्यांत चर्चासत्रे भरविणे आणि नामवंत विधिज्ञांची व्याख्याने आयोजित करणे यांचा स्पष्ट समावेश आहे. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिल, जिल्हा व तालुका वकील संघ यांच्यामार्फत असे कार्यक्रम होतातही. पण ती परंपरा आहे, वेळापत्रक नव्हे. वकील संघाचा अध्यक्ष उत्साही असेल त्या वर्षी पाच कार्यक्रम होतात, नसेल त्या वर्षी एकही नाही.

सक्ती हाच उपाय काय? त्याविरुद्धचा युक्तिवाद दुर्लक्ष करण्याजोगा नाही. तालुक्यातील वकिलाचे उत्पन्न रोजच्या तारखांवर अवलंबून असते. एक दिवस परिषदेला जाणे म्हणजे एक दिवसाची मिळकत बुडविणे. शिवाय सक्ती आली की प्रमाणपत्रांचा बाजार भरतो. पडद्यावर नाव नोंदवून, कॅमेरा बंद करून 'ई-प्रमाणपत्र' मिळविण्याची युक्ती टाळेबंदीत अनेक क्षेत्रांनी पाहिली आहे. तेव्हा तासांची सक्ती करण्याआधी ते तास उपयोगी कसे होतील, याचा विचार आवश्यक आहे.

ज्ञानाचा ओघ दुहेरी हवा

या चर्चेत आणखी एक बाजू हमखास निसटते. ज्ञान महानगरात असते आणि ते तालुक्याला द्यायचे असते, हे गृहीतकच अपुरे आहे. मराठवाड्यातील जमिनींना हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. उर्वरित महाराष्ट्रातील कूळकायद्यांपेक्षा तो वेगळा. संरक्षित कुळाचा हक्क, त्या कायद्याच्या कलम ३८-ई खाली झालेली मालकी, इनाम जमिनींचा इतिहास, १९५४-५५ चे खासरा पत्रक आणि त्यातील नोंदींचा नंतरच्या सातबाराशी लागणारा किंवा न लागणारा मेळ, हे सारे येथील ज्येष्ठ वकिलांच्या डोक्यात आहे. निजामकालीन उर्दू आणि मोडी कागद वाचू शकणारे हात आता मोजके उरले आहेत.

२ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेट अचानक राज्याच्या चर्चेच्या केंद्रस्थानी आले. मराठा आरक्षणाच्या ज्या आंदोलनातून हे घडले, त्याचे केंद्र असलेले आंतरवाली सराटी अंबड तालुक्यातलेच. जुन्या नोंदी शोधायच्या कशा, त्यांचे पुराव्यातील मोल किती, हा प्रश्न एकाएकी घरोघरी पोहोचला. या विषयावर मुंबईच्या वक्त्याने जालन्याला शिकवावे, की जालन्याच्या ज्येष्ठ वकिलाने मुंबईला? ज्येष्ठांकडील हे ज्ञान ध्वनिचित्रित करून, नमुना कागदपत्रांसह जतन झाले नाही, तर ते त्यांच्याबरोबरच संपेल. वेबिनारच्या तंत्राचा याहून चांगला उपयोग कोणता असू शकतो?

करता येण्याजोगे

यासाठी मोठ्या निधीची वा नव्या कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. महिन्यातील एका सुटीच्या दिवशी तालुका वकील संघाच्या खोलीत दोन तासांचा मराठी अभ्यासवर्ग, एकच विषय, एकच नमुना मसुदा आणि त्यावर सराव, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. वक्ता पडद्यावर असला तरी चालेल. मसुदा मात्र प्रत्येकाच्या हातात हवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलांचे प्रशिक्षण ही आधीपासून असलेली चौकट आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती, कोठडीतील आरोपी यांना मोफत मिळणारा वकील हाच सर्वांत अद्ययावत असला पाहिजे, कारण त्याच्या पक्षकाराला दुसरा वकील निवडण्याची ऐपत नसते. छत्रपती संभाजीनगर येथे २०१७ पासून महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ आहे. तेथील प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी मराठी नमुने, साध्या भाषेतील टिपणे तयार करून शेजारच्या जिल्ह्यांना दिली, तर विद्यापीठ आणि तालुका न्यायालय यांतील अंतर कमी होईल. हे सारे सुरळीत सुरू झाल्यावर वर्षाला ठरावीक तासांचा आग्रह धरणे न्याय्य ठरेल.

१ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला आणि त्याच वर्षी २७ ऑगस्टला औरंगाबादेत उच्च न्यायालयाचे पीठ बसले. न्याय मुंबईहून मराठवाड्याच्या उंबरठ्यावर आला. तशीच दीर्घ मागणी पूर्ण होऊन १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरलाही सर्किट बेंच सुरू झाले. न्यायालय जवळ आणण्यासाठी वकिलांनी वर्षानुवर्षे आंदोलने केली, ती योग्यच होती. जवळ आलेल्या न्यायालयात पक्षकाराची बाजू भक्कमपणे मांडली जाण्यासाठी तेवढाच आग्रह आता ज्ञानाबाबत धरला गेला पाहिजे. जालन्याच्या नावाने देशभर शिकविला जाणारा पाठ बांधाच्या वादात मोबाइल घेऊन आलेल्या भोकरदनच्या शेतकऱ्याला त्याच्या वकिलाकडून पहिल्याच भेटीत मिळेल, तेव्हाच या परिषदा आणि वेबिनार सार्थकी लागले असे म्हणता येईल.